खाऱ्या जमिनीतील तेल

तंजावर हे नाव मराठी माणसाला परके नाही. व्यंकोजी राजांनी तेथे स्थापिलेले भोसल्यांचे राज्य, सरस्वती महाल ग्रंथालय, दुसऱ्या सरफोजी राजांची विद्याप्रीती यांविषयी आपण थोडेबहुत ऐकलेले असते. तंजावर म्हटले की कावेरीच्या पाण्यावर पोसलेली भातशेतीही डोळ्यांसमोर येते. परंतु या जिल्ह्याला आणखी एक कड आहे. पट्टुकोट्टै मागे टाकून दक्षिणेकडे निघाले की भातखाचरे विरळ होत जातात, नारळाच्या बागा लागतात आणि शेवटी समुद्र येतो. मल्लिपट्टिनमजवळ सरफोजी राजांनी १८१४-१५ च्या सुमारास बांधविलेला ‘मनोरा’ नावाचा उंच बुरूज या किनाऱ्यावर आजही उभा आहे. पूर्वेला अदिरामपट्टिनमच्या बाजूस मिठागरे आहेत. १९९१ पर्यंत नागपट्टिनम आणि वेदारण्यम हेही तंजावर जिल्ह्यातच मोडत. त्या वेदारण्यमला १९३० साली राजाजींनी मिठाचा सत्याग्रह केला. सांगायचे एवढेच की, या भूमीला मीठ नवे नाही. नवी आहे ती मिठाची पिकाऊ शेतात शिरण्याची चाल.

ही चाल अनेक बाजूंनी होते. कावेरीचे पाणी कालव्यांच्या शेवटच्या टोकापर्यंत पुरेसे पोहोचले नाही, तर शेतकरी विहिरी आणि कूपनलिका उपसतो. गोड्या पाण्याचा भूगर्भातील दाब कमी झाला की समुद्राचे पाणी त्याची जागा घेऊ लागते. उधाणाचे पाणी बांध फोडून आत येते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटांनी नागपट्टिनमच्या किनाऱ्यावरील शेतेच्या शेते खारट केली. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गज’ चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्याला धडकले आणि पट्टुकोट्टै, पेरावूरणी भागांतील असंख्य नारळ आडवे झाले. कोकणातील पेण-अलिबागच्या खारेपाटात राहणाऱ्यांना यातील पुष्कळसे ओळखीचे वाटेल. फुटलेला बांध आणि पांढरी पडलेली खाचरे तेथेही लोकांनी पाहिलेली आहेत.

अशा जमिनीत भात येत नाही, तर मग तेथे मीठ सोसणाऱ्या वनस्पती लावाव्यात, त्यांच्या बियांचे तेल काढावे आणि त्या तेलापासून डिझेलसारखे इंधन तयार करावे, असा विचार गेली काही दशके मांडला जात आहे. हा विचार कितपत खरा आहे आणि तो कोणाच्या उपयोगाचा आहे, हे आपण या पाठात पाहू.

मीठ वनस्पतीला काय करते?

वनस्पतीची मुळे मातीतील पाणी ओढून घेतात. मुळांच्या आत विरघळलेले पदार्थ बाहेरच्यापेक्षा अधिक असतात म्हणून पाणी आत येते. मातीतल्या पाण्यात मीठ वाढले की हा हिशेब उलटतो. शेतात पाणी उभे असूनही रोप तहानेने वाळते. लोणच्याच्या फोडींना मीठ लावल्यावर त्यांना पाणी सुटते, तोच हा प्रकार. शिवाय मिठातील सोडियम पेशींत साचला की तो विषासारखे काम करतो.

मातीचा खारेपणा विजेच्या वाहकतेवरून मोजतात. त्याचे एकक ‘डेसीसायमन प्रति मीटर’ असे आहे. हा आकडा चारच्या वर गेला की माती खारी समजतात. भाताचे उत्पन्न तीनच्या सुमारासच घटू लागते. समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्याची वाहकता पन्नासच्या आसपास भरते. म्हणजे भात जेथे हार मानतो आणि समुद्र जेथे सुरू होतो, त्यांमध्ये फार मोठे अंतर आहे. या मधल्या पट्ट्यात जगणाऱ्या वनस्पतींना लवणसह वनस्पती म्हणतात.

त्यांच्या युक्त्या निरनिराळ्या आहेत. खारफुटीतील तिवर पानांवरील सूक्ष्म ग्रंथींतून मीठ बाहेर टाकते. कोरड्या दिवसांत तिवराचे पान चाटून पाहिले तर ते खारट लागते. काही झाडे मुळांपाशीच बरेचसे मीठ अडवितात. काही वनस्पती मीठ आत घेतात, पण ते पेशींच्या आतील एका वेगळ्या कप्प्यात कोंडून ठेवतात आणि पाणी साठवून अंग मांसल करतात, म्हणजे मीठ पातळ राहते. कोकणात मोरस नावाची जी खारट भाजी खातात, ती याच प्रकारची. तमिळ किनाऱ्यावर अशा एकाहून अधिक मांसल वनस्पतींना ‘उमरी’ म्हणतात.

तेलाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. अशा वनस्पतीचे खोड कितीही खारट असले, तरी तिच्या बीमध्ये मीठ फारसे जात नाही. त्यामुळे बियांचे तेल इतर कोणत्याही तेलासारखेच निघते.

सॅलिकॉर्नियाची कथा

या वनस्पतींत सर्वाधिक गाजली ती सॅलिकॉर्निया. हिला पाने जवळजवळ नसतात. सांध्यासांध्यांचे हिरवे, रसदार खोड तेवढे दिसते. कुळाने ती आपल्या चाकवत-पालकाची नातलग आहे. भारताच्या किनाऱ्यावर हिची जी जात आढळते, तिला सॅलिकॉर्निया ब्राकियाटा हे शास्त्रीय नाव विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने दिले. मुत्तुपेट्टैच्या खारफुटीपासून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत ती चिखलट जमिनीवर वाढते.

अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी मेक्सिकोच्या वाळवंटी किनाऱ्यावर सॅलिकॉर्नियाच्या दुसऱ्या एका जातीची सहा वर्षे लागवड केली. तिला पाणी दिले ते केवळ समुद्राचे. १९९१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. हेक्टरी सुमारे दोन टन बी मिळाले; बियांत सुमारे २८ टक्के तेल आणि ३१ टक्के प्रथिने होती. गोड्या पाण्याचा थेंबही न वापरता सोयाबीनच्या तोडीचे पीक निघाले, ही खरोखरच मोठी गोष्ट होती. पुढे अबुधाबीत मत्स्यशेतीचे खारे पाणी देऊन सॅलिकॉर्निया वाढविण्यात आला आणि जानेवारी २०१९ मध्ये त्याच्या तेलापासून तयार केलेले इंधन नेहमीच्या इंधनात मिसळून एका प्रवासी विमानाने अबुधाबीहून ॲमस्टरडॅमपर्यंत उड्डाण केले.

भारतात भावनगर येथील केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने आपल्या देशी सॅलिकॉर्नियावर दीर्घकाळ काम केले आहे. तिने या वनस्पतीच्या खोडापासून खाण्याचे मीठही तयार केले. तमिळनाडूत एम. एस. स्वामीनाथन संशोधन प्रतिष्ठानाने वेदारण्यम येथे लवणसह वनस्पतींचे जनुकीय उद्यान उभारले. १९८८ साली हे प्रतिष्ठान स्थापन करणारे डॉ. स्वामीनाथन हे मूळचे कुंभकोणमचे, म्हणजे तंजावर जिल्ह्यातीलच. याच प्रतिष्ठानातील शास्त्रज्ञांनी तिवरातील मीठ सोसण्याचे गुण देणारी जनुके शोधून ती भातात आणण्याचे प्रयोग केले.

आता आपण एक साधा हिशेब करू. हेक्टरी दोन टन बी आणि २८ टक्के तेल, म्हणजे ५६० किलो तेल. घाण्यातून सगळेच निघत नाही. ५०० किलो निघाले असे धरू. त्याचे लिटर होतात ५४० च्या आसपास. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. तेव्हा एकरी पडले जवळपास २२० लिटर. शेतकामाचा ट्रॅक्टर ताशी चार-पाच लिटर डिझेल घेतो. म्हणजे वर्षभराच्या एकरी पिकावर तो पन्नास तासांच्या आतबाहेर चालेल. हा हिशेब उत्तम शास्त्रीय देखरेखीखालच्या पिकाचा आहे, हेही विसरू नये. प्रत्यक्षात सॅलिकॉर्नियाचे बी बारीक असते, सगळे एकाच वेळी पिकत नाही आणि पिकले की झडते. ते गोळा करणे हीच मोठी मेहनत आहे.

आणि खर्च? समुद्राचे पाणी फुकट असले तरी ते शेतात फुकट चढत नाही. शिवाय पाणी पिकाच्या गरजेपुरते देऊन भागत नाही. उन्हाने पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. ते मुळांपासून धुऊन काढण्यासाठी जास्तीचे पाणी सतत सोडावे लागते. पंपाला लागणारे इंधन पिकातून मिळणाऱ्या इंधनाला खाऊन टाकू लागते. म्हणून हे पीक समुद्रसपाटीला लागून असलेल्या, भरतीचे पाणी आपोआप येणाऱ्या जमिनीतच परवडण्याची आशा धरता येते.

पाणी आत आणण्याचा धोका

येथे तंजावरच्या किनाऱ्याचा स्वतःचा अनुभव उपयोगी पडतो. १९९० च्या दशकाच्या आरंभी या किनाऱ्यावर कोळंबीची मोठमोठी तळी खोदण्यात आली. त्यांत समुद्राचे पाणी आणून साठविले जाई. ते शेजारच्या शेतांत आणि पिण्याच्या पाण्यात झिरपू लागले, अशी गावकऱ्यांची तक्रार होती. सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. ११ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने किनारा नियमन क्षेत्रातील अशी तळी, पारंपरिक पद्धतीची वगळून, हटविण्याचा आणि बाधितांना भरपाई देण्याचा निर्णय दिला. पुढे २००५ मध्ये किनारी मत्स्यसंवर्धनासाठी संसदेने वेगळा कायदा केला.

सॅलिकॉर्नियासाठी कालवे काढून समुद्राचे पाणी आत नेले, तर पीक बदलेल, पण पाणी तेच राहील. शेजाऱ्याची विहीर खारट होण्यासाठी तळ्यात कोळंबीच असावी लागते असे नाही.

दुसरी गोष्ट खाऱ्या झालेल्या जमिनीच्या भवितव्याची. त्सुनामीनंतर पुष्कळांना वाटले की नागपट्टिनमची शेते कायमची गेली. परंतु ईशान्य मोसमी पावसाने मीठ बरेचसे धुऊन नेले. शेतकऱ्यांनी गाळ काढला, चर खोदले, मीठ सोसणारे भाताचे वाण पेरले आणि अनेक शेतांत एक-दोन वर्षांतच पुन्हा भात उभा राहिला. तेव्हा शेत एकदा खारट झाले म्हणून ते तेलपिकाच्या नावे लिहून द्यावे, असे मुळीच नाही. पावसाने सुधारू शकणारी जमीन आणि भरतीच्या पाण्याखाली नेहमीच जाणारी जमीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत समुद्राचे पाणी सोडणे म्हणजे बऱ्या होऊ घातलेल्या रोग्याला पुन्हा आजारी पाडणे होय.

‘पडीक’ म्हणजे कोणाची?

इंधनाची झाडे पडीक जमिनीवर लावा, हा सल्ला आपल्या देशाने पूर्वीही ऐकला आहे. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाची, म्हणजे जट्रोफाची, एक कोटी हेक्टरांहून अधिक जमिनीवर लागवड सुचविली. डिझेलमध्ये २० टक्के जैविक डिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट २०११-१२ साठी होते. २००९ च्या राष्ट्रीय धोरणाने ते २०१७ वर नेले. २०१८ च्या धोरणात ते २०३० पर्यंत ५ टक्के असे ठरले. आकडे असे खाली का आले? मोगली एरंड खडकाळ, कोरड्या जमिनीत जगतो खरा. पण जगणे वेगळे आणि भरपूर बी देणे वेगळे. पाणी आणि खत मिळाले तरच तो फळतो, आणि पाणी-खत ज्या जमिनीला देता येते तिच्यावर शेतकरी अन्न का पिकविणार नाही?

शिवाय कागदावर पडीक असलेली जमीन प्रत्यक्षात क्वचितच मोकळी असते. तमिळनाडूत महसुली दप्तरात ज्या सार्वजनिक जमिनीला ‘पोरंबोक्कु’ म्हणतात, तिच्यावर कोणी शेळ्या चारतो, कोणी सरपण वेचतो, कोणी मासळी वाळवतो, कोणी उमरीची भाजी खुडतो. सातबाऱ्यासारख्या कोणत्याही उताऱ्यावर त्यांचे नाव नसते. मोठी कंपनी आली की पहिला प्रश्न याच लोकांचा निर्माण होतो. माझ्या मते कोणत्याही अशा योजनेचा कागद हाती आला, तर तेलाचा टक्का वाचण्यापूर्वी ‘पडीक’ हा शब्द कोणी आणि कोणत्या जमिनीला लावला आहे, ते पाहावे. तमिळनाडू विधानसभेने २०२० साली कावेरीच्या खोऱ्यातील त्रिभुज प्रदेशाला संरक्षित कृषिक्षेत्र ठरविणारा कायदा केला. त्यामुळे तेथे खनिज तेल आणि वायूसाठी नव्याने खोदकाम करण्यास बंदी झाली. जमिनीखालच्या तेलापासून ज्या भाताला वाचविले, त्याला जमिनीवरच्या तेलासाठी हटविणे विचित्रच ठरेल.

परक्या वनस्पतींबाबतही सावध राहावे लागते. इंधनासाठी आणि मोकळ्या जमिनी झाकण्यासाठी बाहेरून आणलेली वेडी बाभूळ वेदारण्यमजवळच्या कोडियाक्करै अभयारण्यात कशी पसरली, हे तेथे जाणाऱ्याला सहज दिसते.

ओळखीची झाडे

मग मार्गच नाही का? आहे, पण तो विमानाच्या बातमीइतका झगमगीत नाही. त्याच कोडियाक्करैच्या जंगलात पीलूची झुडपे आहेत. याच्या काड्यांचे दातवण करतात. पीलूच्या बियांत ४० टक्क्यांच्या आसपास तेल असते. ते गुणांनी खोबरेलाच्या जवळचे असून साबणाला उत्तम असते. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने गुजरातेतील अतिशय खाऱ्या काळ्या जमिनीत पीलूची लागवड करून दाखविली आहे. एकदा लागलेले झाड वर्षानुवर्षे उभे राहते. दरसाल नांगरणी-पेरणी नको. करंजही मध्यम खाऱ्या जमिनीत, खाड्यांच्या काठी, चांगला वाढतो.

आणि तिसरे झाड उंडी. कोकणच्या किनाऱ्यावरील वाचकाला ते माहीत असेल: जाड, चकचकीत पाने, पांढरी सुगंधी फुले, गोल हिरवी फळे. उंडीचे तेल पूर्वी कोकणात दिव्यांत जाळीत. तमिळमध्ये या झाडाला ‘पुन्नै’ म्हणतात. तंजावर शहराच्या पूर्वेस पुन्नैनल्लूर येथे मारिअम्मनचे प्रसिद्ध मंदिर आहे. पुन्नैच्या वनात मी आहे, असा दृष्टान्त देवीने व्यंकोजी राजांना दिला आणि त्यांनी तेथे मंदिर बांधले, अशी आख्यायिका आहे. मराठी राजाच्या पदरच्या कोकणी माणसांना, जर कोणी असतील तर, ते वन पाहून घरची आठवण झाली असेल. उंडी साचलेल्या खारट पाण्यात वाढत नाही. पण वाळूत रुजते, समुद्राचे खारे वारे आणि तुषार झेलते. म्हणून किनाऱ्यावर वारा अडविणारी रांग म्हणून ती चांगली. त्सुनामीनंतर या किनाऱ्यावर सुरूच्या रांगा पुष्कळ लावण्यात आल्या. त्यांच्यात उंडी मिसळली तर वाराही अडेल आणि बीही मिळेल. तेलासाठी जमीन वेगळी काढावी लागणार नाही.

उंडीच्या सुक्या गरात निम्म्याहून अधिक तेल असते. पण ताज्या गरातून ते निघत नाही. बी फोडून गर कित्येक आठवडे वाळवावा लागतो. तो तांबूस-तपकिरी आणि चिकट झाला की घाण्यात घालतात. निघालेले तेल हिरवट, घट्ट आणि कडू असते. ते खाण्याचे नाही. इंजिनात ते तसेच ओतले तर नळ्या आणि फवारे तुंबतात. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले होते. मात्र आजच्या इंजिनांना तेल पातळ करूनच द्यावे लागते. त्यासाठी तेलात मिथेनॉल आणि थोडा दाहक सोडा किंवा तत्सम पदार्थ घालून ते ऊन करतात. तेलाचे रेणू तुटतात, वर जैविक डिझेल तरंगते आणि खाली ग्लिसरीन बसते. १०० किलो तेलाला साधारण १०-११ किलो मिथेनॉल लागते आणि जवळपास तेवढेच ग्लिसरीन मिळते. उंडीच्या तेलात मुक्त आम्ल फार असल्यामुळे आधी आम्लाची एक प्रक्रिया करावी लागते, नाहीतर सारा साबणच होतो. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे, तेव्हा हे काम घरच्या पडवीत करण्याचे नव्हे. ते सहकारी संस्थेच्या किंवा तशा केंद्राच्या देखरेखीखाली व्हावे.

हिशेबाने पाहता, पीलूचे वा उंडीचे तेल साबण आणि औषधांसाठी विकले तर इंधनापेक्षा बहुधा अधिक दर मिळतो. डिझेल पंपावर मिळत असेल तोवर वेचणारी बाई ते तेल इंजिनात ओतणार नाही, आणि तिने ओतूही नये. करंजाची आणि उंडीची पेंड जनावरांना चालत नाही, पण करंजाची पेंड उत्तम खत आहे. सॅलिकॉर्नियाची कोवळी शेंडे भाजी म्हणून परदेशी बाजारात चांगल्या भावाने जातात. तेल हे त्याचे दुय्यम उत्पन्न ठरते. बांधावर खारफुटी, मधल्या चरात मासे आणि कडेला मांसल लवणसह वनस्पती, अशी मिश्र पद्धत स्वामीनाथन प्रतिष्ठानाने तमिळ किनाऱ्यावर वापरून पाहिली. तीत भरतीचे पाणी येते आणि परत जाते. ते आत कोंडले जात नाही.

उंडी लावायची झाल्यास बी कवचासह पेरल्यावर रुजायला जवळजवळ दोन महिने लागतात. कवच हलकेच तडकवून पेरले तर सुमारे सव्वा महिना, आणि कवच पूर्ण काढून पेरले तर तीन आठवडे पुरतात. रोप रोपवाटिकेत वाढवून या किनाऱ्यावर ऑक्टोबरच्या पावसात लावतात. पहिल्या उन्हाळ्यात त्याला गोडे पाणी द्यावे लागते आणि शेळ्यांपासून जपावे लागते. बी हाती येण्यास त्यानंतर काही वर्षे जातात.